दिवे लागायच्या आत

अप्पा,

तुमच्याशी मी शेवटचं नीट बोलले त्याला एक आयुष्य उलटून गेलं. तुम्ही होतात तेव्हासुद्धा आपलं बोलणं म्हणजे "पाणी देऊ का" आणि "छत्री घेतलीत का", एवढंच. ते कशाने बंद पडलं हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक नव्हतं. आई गेल्या हिवाळ्यात गेली. दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही, इतकं सोपं. तिचे दिवस झाले, आलेली माणसं आपापल्या गावी गेली, माझा मुलगा परत गोरव्याच्या कारखान्यात कामावर जायला लागला, आणि एका सकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्या मनात आलं, आता मी गप्प कुणासाठी बसायचं? ज्या माणसापासून ते झाकून ठेवायचं होतं ते माणूसच राहिलं नाही. मग जे करायचं होतं ते मी काल करून आले, आणि आज लिहायला बसले आहे. तुम्हाला माझं अक्षर आवडायचं. पोरांच्या वह्या तपासून तपासून ते पार बिघडलंय, चालवून घ्या.

दादाला फुटबॉलचं वेड तुम्ही लावलंत असं आई म्हणायची. ते खरं नव्हतं. तुम्ही त्याला पहाटे उठवून आखाड्यात न्यायचात, पण मातीत त्याचं मन कधी लागलं नाही. उंच, लांब पायांचा मुलगा तो. खाली लोळण्यापेक्षा उभं राहून चौफेर बघायला त्याला आवडायचं. कॉलेजात गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात फुटबॉलच्या संघात त्याला घेतलं. तुम्ही आधी नाक मुरडलंत. साहेबांचा खेळ, लंगोट लावायला लाज वाटते म्हणून चड्डी घालून पळतात, असं काहीतरी म्हणालात. मग एका संध्याकाळी राजवाड्याच्या खानगी खात्याच्या कचेरीतून परत येताना सहज कॉलेजच्या मैदानाच्या कडेला थांबलात आणि खेळ संपेपर्यंत तिथून हलला नाहीत. घरी आलात ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि आईला म्हणालात की तुझा मुलगा तिथे सगळ्यांना हुकूम सोडतो आणि मोठमोठ्यांची पोरं ते ऐकतात. तुमचा सगळा जन्म राजवाड्याचे हुकूम झेलण्यात गेलेला. त्या दिवशी तुमचा चेहरा काय फुलला होता! आईने मात्र आधी चपला बाहेर काढायला लावल्या.

दादा सेंटर हाफ होता. पुढे फॉरवर्ड, मागे बॅक, आणि मैदानाच्या मधोमध तो. चेंडू कुणाला द्यायचा, कधी धरून ठेवायचा, कधी सगळ्यांनी मिळून सुटायचं, हे त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चालायचं. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. तो नुसता मान वळवून बघायचा, आणि त्याने बघितलं त्या जागी थोड्या वेळाने चेंडू जायचा. मी तेव्हा लहान, मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी एवढं कळायचं की बाकीचे चेंडूमागे पळताहेत आणि दादाला तो कुठे येणार हे आधीच ठाऊक आहे. आणि त्याचं खास म्हणजे उंचावरून येणारा चेंडू. आताच्यासारखा हलका चेंडू नव्हता तो. जाड चामड्याचा, तोंडाशी वादीने आवळलेला, पावसात भिजला की दगडासारखा जड. समोरच्या बॅकने लांब मारलेला तो चेंडू दादा उडी घेऊन कपाळावर झेलायचा आणि हव्या त्या गड्याच्या पायात टाकायचा. सगळं मैदान "वाहवा" करायचं. कपाळावर वादीचा लाल वळ उठायचा, त्यावर आई लोणी चोळायची आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने कॉलेजाचा उद्धार करायची.

तुम्ही मलाही बरोबर न्यायचात. मुलीची जात, तिला मैदानावर कशाला, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा महाराजांनी मुलींना शाळेत घातलं ते काय माजघरात बसवायला का, असं तुम्ही त्यांना सुनावलंत. माझ्या हातात लिंबाच्या फोडींचा डबा असायचा, मध्यंतरात खेळाडूंना द्यायला. त्या डब्याचा मला काय तोरा होता, काय सांगू! रावपुऱ्यातून जाताना दुकानातली माणसं दादाला हाक मारून "केम छे, कॅप्टन?" विचारायची, तेव्हा तो अजून कॅप्टन झालाही नव्हता. तो हसून पुढे जायचा आणि तुम्ही त्याच्या मागून पगडी सावरत, जणू तुम्हालाच विचारलंय अशा थाटात, "मजा छे" म्हणायचात.

पहिल्यांदा तो पडला तो रेल्वेच्या संघाविरुद्ध. चेंडूसाठी उडी घेतली, खालून कुणाचा तरी खांदा लागला आणि पाठीवर आडवा झाला, डोकं जमिनीवर आपटलं. आवाज आपल्यापर्यंत आला. पण तो उठला, हात झटकले, खेळला, सामना बरोबरीत सुटला. लोक पांगले, आणि घरी जाण्याऐवजी तुम्ही त्याला पुन्हा मैदानाच्या मध्ये घेऊन गेलात. मला वाटलं गंमत चाललीये. तुम्ही अंगरखा खोचून दोन्ही हातांनी चेंडू वर उडवत होतात आणि दादा तो डोक्यावर घेत होता, तुमची पगडी सारखी डोळ्यांवर येत होती आणि आपण तिघं हसत होतो.

आखाड्याचा नियम होता तो, तुमच्या वस्तादांचा. जो मातीत वाईट पडला त्याने तसंच घरी जायचं नाही. त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, पुन्हा मातीत उतरायचं, निदान एक पकड धरायची आणि मगच अंगावर पाणी घ्यायचं. मध्ये रात्र गेली तर भीती अंगात मुरते, मग ती कशानेही निघत नाही. तेव्हा बडोद्यात कुठल्याही आखाड्यात कुणीही हेच सांगितलं असतं, आणि खांद्याला, गुडघ्याला, मनगटाला ते लागूही पडत असेल. मी काही तुम्हाला अडाणी म्हणत नाही. डोक्याचं कुणाला काय माहीत होतं? रक्त आलं नाही म्हणजे लागलं नाही, एवढंच आपलं वैद्यक.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर दादाने कंदील लांब ठेवायला सांगितला. डोळ्यांत खुपतो म्हणाला. आईने काच काळी झाली असेल म्हणून ती पुसून आणली, तर उजेड आणखीच वाढला, आणि दादा हाताची आड करून जेवला. पुढच्या सामन्यात मात्र तो असा खेळला की प्रिन्सिपॉल साहेब खुर्चीतून उठले. तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीत, बघ, मी सांगितलं नव्हतं का, अशी. नियम खरा ठरला होता. तिथेच घात झाला.

दुसऱ्या वर्षी तो कॅप्टन झाला. सुरतेला जिंकून आले, अहमदाबादला जिंकून आले, फोटो निघाला, त्यात दादा मध्ये चेंडूवर हात ठेवून बसला आहे. त्या वर्षी तो किती वेळा पडला मला आठवत नाही, पण पडला की तुम्ही होतातच, आणि मैदान रिकामं झालं की आपण तिघं असायचो. घरात बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. स्वयंपाकघरात मी आईच्या हाताखाली वाटण वाटते आहे, दादा पाटावर बसून खिचडी-कढी खातो आहे. हात धुतो, पाटावर परत येऊन बसतो आणि विचारतो, आज काय केलंयस? आई हसते, तिला वाटतं चेष्टा करतोय, पळीने त्याला मारल्यासारखं करते. तो पण हसतो. पण मी त्याच्या समोरच होते, अप्पा. हसण्याआधी तो ताटाकडे बघत होता, खरकट्या ताटाकडे, आणि ते कुणाचं आहे हे त्याला कळत नव्हतं. सकाळी उठल्याउठल्या त्याला ओकारी व्हायची. पित्त, असं आईने ठरवलं आणि आवळ्याचा रस चालू केला.

मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही देवघरात गंध उगाळत होतात. दादा जेवलेलं विसरला म्हटलं, कालच्या सामन्यात गोल कुणी केला तेही विसरला म्हटलं. तुम्ही सहाण खाली ठेवलीत आणि जन्मात पहिल्यांदा मला रागावलात. मैदानातल्या गोष्टी घरात आणून आईला घाबरवायचं असेल तर उद्यापासून मैदान बंद, असं म्हणालात. आवाज मोठा नव्हता, पण तुमचा हात थरथरत होता. म्हणजे तुम्हाला दिसत होतं. हे मी पुढे पुष्कळ वर्षं मनात घोळवलंय. ज्याला काहीच दिसत नाही त्याचा हात कशाला थरथरेल?

आणि तरी दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला कमाटीबागेत घेऊन गेलात. वाघाच्या पिंजऱ्यापाशी शेंगा घेऊन दिल्यात, बाकावर बसलात, आणि मी न विचारता सांगायला लागलात. तुम्ही दादाच्या वयाचे असताना तुमच्या जोडीच्या पोराने तुम्हाला असं आपटलं की मानेत चमक भरली. नियमाप्रमाणे परत उतरायचं होतं, पण तुमची आई आखाड्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तुम्ही तिच्याबरोबर घरी गेलात. दुसऱ्या दिवशी पाय उचलला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढे नुसते बघायला जात राहिलात, वस्तादांच्या पाया पडायला, पोरांना तेल द्यायला, पण मातीत कधी उतरला नाहीत. "मी त्या दिवशी घरी गेलो ना, तो अजून घरीच आहे," असं तुम्ही म्हणालात आणि शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत राहिलात. मला तुमची इतकी दया आली की दादाचं बोलायचं मी विसरूनच गेले. तुमचा पोरगा घरी जायला नको होता तुम्हाला, बस्स. प्रेमच होतं ते. हेच तर मला जाळत आलंय. दुष्टपणा असता तर कधीच सोडून दिला असता.

तिसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना पलटणीच्या संघाशी. नवरात्र तोंडावर आलेलं, तरी आदल्या रात्री पाऊस होऊन मैदान ओलं होतं, पोळापोळांतून, गल्लीगल्लीतून, गरब्याचे मांडव पडत होते. मुंबईच्या मोठ्या सामन्यांसाठी बडोद्यातून नावं जाणार होती आणि ती ठरवणारे गृहस्थ पहिल्या रांगेत कोचावर बसले होते. सकाळपासून दादा चिडचिडा होता. बुटाच्या नाड्या बांधायला बसला आणि बसूनच राहिला. मी जाऊन बांधल्या. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आज अप्पांना सांग ना, पोटात दुखतंय म्हणून. मी वळून बघितलं तर तुम्ही दारात पगडी घालून तयार उभे होतात. तुम्ही ते ऐकलंत. दादा उठून उभा राहिला.

पलटणीचे गडी अंगाने दांडगे, पण त्यांचा खेळ स्वच्छ होता. त्यांचा एक बॅक होता, नुकती मिसरूड फुटलेला शिपाई, दादाइतकाच उंच. मध्यंतरानंतर एक चेंडू सरळ वर गेला, दादाने उडी घेतली, त्यानेही घेतली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. शिपाई कपाळ धरून खाली बसला. दादा उभाच्या उभा कोसळला. त्या शिपायानेच त्याला बसवलं, स्वतःच्या सदऱ्याने त्याचं तोंड पुसलं. दादा उठला. तेव्हा गडी बदलायची पद्धत नव्हती. उठला म्हणजे खेळायचं. आणि मग त्याने तो चेंडू दिला. अर्ध्या मैदानातून, न बघता, बॅकच्या मागे अशा जागी की आपला फॉरवर्ड फक्त तिथे जाऊन पोचला. गोल झाला. टोप्या उडाल्या. कोचावरचे गृहस्थ हसून कुणाला तरी काही सांगत होते. त्यानंतर अगदी शेवटी एक उंच चेंडू दादाकडे आला, रोजचाच, हातखंडा, आणि दादाने मान खाली घातली. चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून गेला. लोकांचं लक्षही गेलं नाही, सामना संपलाच होता. तुमचं गेलं. तुम्ही माझा हात धरला होतात तो एकदम आवळलात.

म्हणून आपण थांबलो. लोक गेले, संघातली पोरं त्याला मिठ्या मारून गेली, आई घरी श्रीखंड करून वाट बघत होती, आणि तुम्ही चेंडू मागून घेतलात. प्रकाश उतरत चालला आहे, झाडांवर वटवाघळं हलायला लागली आहेत. दादा म्हणाला, "अप्पा, आज नको." तुम्ही म्हणालात, "आजच. दिवे लागायच्या आत. एकदा घे आणि मग चल घरी." तो हसला. तुमच्यापुढे तो कधी नाही म्हणालाच नाही, खानगीत तुम्ही कधी म्हणाला नाहीत तसाच. तुम्ही चेंडू उडवलात. त्याने घेतला. ओला, जड चेंडू. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "शाबास, आणखी एक." त्याने घेतला. मग तो उभा राहिला, चारी बाजूंना बघू लागला, जसा सामन्यात बघायचा तसा, आणि अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, "अप्पा, आपली बाजू कुठली?"

चेंडू तुमच्या हातातून गळून पडला. दादा हळूच खाली बसला आणि कुशीवर वळून निजला, घरी गादीवर निजायचा तसा, एक हात गालाखाली. तुम्ही त्याला हाका मारत होतात. मी टांगा आणायला रस्त्यावर धावले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. ते चांगले गृहस्थ होते, हळू बोलत होते. त्यांनी विचारलं, पडल्यानंतर पुन्हा डोक्याला काही लागलं होतं का? मी तुमच्या शेजारी होते, माझ्या फ्रॉकला चिखल लागलेला होता. तुम्ही म्हणालात, "नाही. सामना संपला आणि आम्ही थेट घरी निघालो." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बघितलं नाहीत. पहाटे दादा गेला.

आईने त्या शिपायाचं नाव घेऊन बोटं मोडली. दिवसभर चुलीपाशी बसून ती त्याला शाप द्यायची, आणि तुम्ही ओसरीवर झोपाळ्यावर बसून ते ऐकायचात. तेराव्यानंतर तो स्वतः आला. पलटणीच्या कपड्यात नव्हता, साधं धोतर नेसून, अनवाणी आला होता. कपाळावर टेंगूळ अजून दिसत होतं. आईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तर तिने पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाली, "माझा मुलगा खाल्लास. पुन्हा या दारात दिसू नकोस." तो रडत उभा राहिला, मग गेला. तुमच्या पायाने झोपाळा चालला होता तो थांबला, एवढंच. खांबाआड मी उभी होते आणि त्या क्षणी माझ्या मनातून तुम्ही उतरलात. दादाच्या मरणाने नाही उतरलात, अप्पा. त्या शिपायाला तसं जाऊ दिलंत त्याने.

मग काय, वर्षं गेली. मी शिकले, मास्तरीण झाले. मला शिकवायला तुम्ही काही कमी केलं नाहीत, तेही मी गोड मानून घेतलं नाही. महाराज गेले त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. आजारपणात तुमचं सगळं मी केलं, औषध दिलं, अंग पुसलं, फक्त बोलले नाही. तुम्ही कधी कधी माझ्याकडे बघत राहायचात, कामाला लागले की नजर फिरवायचात. आईला वाटायचं, मुलगी बापावर गेली आहे, मुखदुर्बळ.

तो शिपाई जिवंत आहे आणि पाणीगेटच्या आत राहतो हे मला शाळेतल्या एका पालकांकडून कळलं होतं, त्यालाही आता किती वर्षं झाली. त्यांचे ते मामा. बोलता बोलता ते म्हणाले की मामा एकेकाळी पलटणीकडून फुटबॉल खेळायचे, पण त्यांनी तरुणपणीच खेळ सोडला आणि आता कुठे सामना असला तर त्या रस्त्यानेही जात नाहीत. मी त्यांच्याकडून पत्ता लिहून घेतला. पण आई होती. तिला कळलं असतं तर तिने तुमच्या फोटोचा हार उतरवला असता आणि ती स्वतःही खचून गेली असती. म्हणून थांबले. काल गेले.

ओट्यावर बसले होते ते. म्हातारे झालेत, पण अजून ताठ आहेत. मी कोण ते सांगितलं. त्यांनी "बेसो, बेन" म्हणून चटई पुढे केली आणि आत चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. "तुमच्या हातून माझा भाऊ गेला नाही," म्हटलं. "सामन्यानंतर माझ्या वडिलांनी त्याला पुन्हा खेळवलं, मी तिथे होते, आणि वडिलांनी ते दडवून तुम्हाला आयुष्यभर हा भार वाहायला लावला. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागायला आले आहे." एवढं बोलून मी डोळे पुसले, आणि वर बघितलं तर ते माझ्याकडे फार मायेने बघत होते.

"मला ठाऊक आहे, बेन," ते म्हणाले. "तुमचे वडील आले होते."

"मी तुमच्या घरी येऊन गेलो त्यानंतर आठवड्याने," ते म्हणाले. "इथेच, याच ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं, दवाखान्यात खोटं बोललो तेही सांगितलं, आणि हात धरून ओढायला लागले की चल, आत्ताच्या आत्ता घरी चल, बायकोसमोर सांगतो. मी नाही गेलो. मीच त्यांना शपथ घातली की तुमच्या आईला कधी सांगायचं नाही."

मी विचारलं का. माझा आवाज चढला होता. "तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तुमच्या आईला त्यांच्याबरोबर राहायचं होतं," ते म्हणाले. "माझ्याबरोबर थोडंच राहायचं होतं? आणि डोकं माझंपण लागलंच होतं ना. थोडं माझं आहेच त्यात."

चहा आला. तो मी तसाच ठेवून उठले. निघताना मी एवढंच विचारलं की इथे येऊन गेल्याचं मला तरी का नाही सांगितलं त्यांनी, मी तर सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. ते काठी शोधत उठले, मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "तेही बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, पोरीला सांगा. तर तुमचे बापुजी म्हणाले, 'तिला राग धरू दे. घरात कुणीतरी धरायला हवा.'"

अप्पा, हे पत्र मी कुठे टाकणार? तुमच्याशी भांडायचं म्हणून मी मनात वाक्यं तयार ठेवली होती, एकेक घासून पुसून, आणि आज कागदावर ती मागवली तर निम्मी आलीच नाहीत. मी अजून असं म्हणत नाही की तुम्ही केलंत ते बरोबर होतं. दादा एकवीस वर्षांचा होता आणि त्याला नको होतं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. पण तुम्ही मला माझा राग देऊन ठेवलात, आणि मी तो माझाच आहे असं समजत राहिले. आता तो रिकामा झाल्यासारखा वाटतोय, आणि खरं सांगू का, मला त्याच्याशिवाय राहायची सवय नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. बायका कुजबुजल्या होत्या, आईलाही ते लागलं होतं. काल पाणीगेटहून निघाले, मांडवीपाशी रिक्षात बसले, आणि मला असं रडू फुटलं की रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली. पोरगाच होता तो. घाबरून मागे वळून म्हणाला, "शुं थयुं, बेन?" मी म्हटलं, "मारा बापुजी गुजरी गया." तो बिचारा हळहळला, कपाळाला हात लावला आणि कधी म्हणून विचारलं, "क्यारे?"

मी म्हटलं, "आजे."